कुंकू नसलेलं कुलूप

ती घटना आठवली की आजही माझं डोकं फिरतं. नोकरीत मी खुनाचे पंचनामे केले, दंगलीत दगड खाल्ले, पण वैताग म्हणजे काय ते मला मुलुंडच्या एका कारखान्यातल्या चोरीने शिकवलं. त्या प्रकरणात कुणी पळून गेलं नाही, कुणी चाकू काढला नाही. सगळी माणसं जागच्या जागी हजर होती, बोलावलं की येत होती, विचारलं की सांगत होती, आणि एक जण सोडला तर सगळे खरंच बोलत होते. खोटं बोलणाऱ्याशी कसं वागायचं हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवतात. खरं बोलून स्वतःच्याच गळ्यात फास अडकवून घेणाऱ्याचं काय करायचं, हे कुणी शिकवत नाही.

सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं आणि मी मुलुंडला फौजदार होतो. आग्रा रोडच्या कडेने तेव्हा लहानमोठे कारखाने उभे राहत होते. त्यातल्या एका कारखान्यात विजेचे मोठे स्विच बनत. स्विचच्या आत जिथे वीज जोडली-तोडली जाते तिथे चांदी वापरतात, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. ही चांदी तारेच्या रूपात येई, लहान रिळांवर गुंडाळलेली. एक रीळ पँटच्या खिशात सहज मावे. रिळं ठेवायला स्टोअरच्या आत एक बिनखिडकीची खोली होती, तिला सगळे चांदीची खोली म्हणत.

दसऱ्याची सुट्टी संपून कारखाना उघडला त्या सकाळी मॅनेजरचा फोन आला की चांदीच्या खोलीतली बरीच रिळं गायब आहेत. मी माझ्या हवालदाराला आणि दोन पंचांना घेऊन गेलो. कुलूप शाबूत होतं. बिजागऱ्या शाबूत, छत शाबूत, भिंतीला ओरखडा नाही. पंचनाम्यात लिहायला काही सापडेना म्हणून पंच कंटाळून जांभया देऊ लागले.

मॅनेजर मात्र खुशीत असल्यासारखा बोलत होता. त्यांची व्यवस्था किती पक्की आहे हे त्याने मला फिरून फिरून ऐकवलं. चांगल्या कंपनीचं पितळी कुलूप. त्याच्या दोनच किल्ल्या. एक स्टोअरकीपरकडे, दुसरी खुद्द मॅनेजरच्या तिजोरीत, पाकिटात घालून वर लाखेचं सील. ते सील मी पाहिलं, कुणी हात लावलेला नव्हता. संध्याकाळी स्टोअरकीपर कुलूप लावी, मग सिक्युरिटीचा जमादार येऊन ते तीनदा जोर लावून ओढून पाही. बाहेर पडताना कामगारांची झडती होई, जेवणाचे डबेसुद्धा उघडून बघत.

"म्हणजे यात शिरायला कुठे जागाच नाही," मॅनेजर म्हणाला.

"मग चांदी गेली कशी?"

"ते तुम्ही शोधायचं ना, साहेब."

मी दातओठ खाल्ले. त्या दिवशी माणसासारखं वागला तो एकटा मेंटेनन्सचा सुपरवायझर. पार्ल्याचा, शिकलेला, इस्त्रीचा शर्ट, बोलणं हळू. त्याने आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा मागवला आणि कुलूप तारेने का उघडत नाही हे नीट समजावून सांगितलं. "ही कुलपं फार उत्तम आहेत, साहेब. एकाची किल्ली दुसऱ्याला लागत नाही, मी स्वतः लावून पाहिलंय." मी मान डोलावली. हवालदाराने दुसरा चहा घेतला.

मग स्टोअरकीपर पुढे आला. पन्नाशी ओलांडलेला, मालवणकडचा, आधी गिरणीत आणि नंतर इथे स्टोअरमध्येच आयुष्य काढलेला. किल्ली त्याने करदोट्याला बांधली होती. शर्ट वर करून त्याने ती दाखवली. शेजारी आणखी एक लहान किल्ली लटकत होती.

"ही किल्ली कुठे कुठे ठेवतोस?" मी विचारलं.

"कमरेक."

"रात्री?"

"कमरेक."

"आंघोळ करताना?"

"सायेब, देवळात जाताना चपला सोडतंय, पण चावी सोडूक नाय."

मी त्याला वाट काढून देत होतो. पोलीस वाट काढून देतो तेव्हा शहाण्या माणसाने त्या वाटेने चालावं. मी म्हटलं, "आजारी असताना कुणाला दिली असशील. घाईत कधी टेबलावर विसरला असशील. एखाद्या वेळी कुणी पाच मिनिटांसाठी मागितली असेल." प्रत्येक वाक्यागणिक त्याचा चेहरा जास्तच दुखावला जाऊ लागला.

"मी काय येडो आसंय?" तो म्हणाला. "इतक्या वर्षांत ही चावी दुसऱ्या हातात गेली नाय. लिहून घ्या, सायेब."

मी लिहून घेतलं. एक किल्ली सीलबंद, दुसरी याच्या कमरेला, कुलूप न फोडता उघडलेलं. आता उरला कोण, हे कुणालाही सांगता आलं असतं. परतताना हवालदार जीपमध्ये म्हणाला, "साहेब, याची वाट याने स्वतःच लावली. वकील दिला तर तोपण डोकं धरून बसेल."

संध्याकाळी ठाण्यात निनावी फोन आला. बोलणारा अदबीने बोलत होता. स्टोअरकीपरने यंदा घरच्या गणपतीला चांदीच्या दुर्वांची जुडी केली आहे, एवढ्या पगारात ती कुठून आली याची चौकशी व्हावी, असं सांगून त्याने फोन ठेवला. ठाणे अंमलदाराने स्टेशन डायरीत नोंद केली आणि माझ्याकडे बघून नुसत्या भुवया उडवल्या.

आम्ही घाटकोपरला त्याच्या खोलीवर गेलो. देवघरात चांदीच्या दुर्वा होत्या, समोरच. लपवलेल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"कुठून आणल्यास?"

"नवसाच्यो आसत."

"नवसाच्या असू देत, चांदी कुठली?"

"नवसाचा चारचौघांत सांगूक नये, सायेब."

मी भिंतीला टेकलो. नवस फेडून झाला होता, गणपतीचं विसर्जन होऊन गेलं होतं, आणि हा माणूस चोरीचा आळ डोक्यावर घेऊन नवसाची गुप्तता पाळत होता. शेवटी त्याच्या बायकोनेच सांगितलं की सासूबाईंचे जुने वाळे आटवून त्या केल्या, सोनार खाली नाक्यावर आहे. सोनारानेही तेच सांगितलं. मी ठाण्यावर येऊन आमच्या मोठ्या साहेबांना हे कळवलं, तर त्यांनी फाइलमधून मान वर केली नाही.

"सोनार कुठला?"

"त्यांच्याच गावचा, सर."

"मग तो दुसरं काय सांगणार? अटक करा. कंपनीचे डायरेक्टर वरपर्यंत फोन करतायत."

अटक झाली. अंगझडतीत करदोटा काढला आणि दोन्ही किल्ल्या टेबलावर आल्या. चांदीच्या खोलीची किल्ली मुद्देमालात गेली. दुसऱ्या किल्लीचं काय, हे विचारायची वेळच आली नाही, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे मालक हजर झाले.

त्याच्या गावच्या लोकांचं मुंबईत एक मंडळ होतं. घाटकोपरला मंडळाची एक खोली होती, तिथे गावाहून नोकरीसाठी आलेली माणसं राहत. खोलीत एक मोठी लोखंडी पेटी होती. तीत भजनाचे टाळ आणि लग्नकार्याची पातेली असत, आणि शिवाय लोकांच्या पुरचुंड्या. कुणाच्या बायकोचं डोरलं, कुणाच्या जमिनीचे कागद, कुणी आईसाठी बाजूला टाकलेलं काही. खोलीत पंचवीस माणसं झोपणार, स्वतःचं म्हणून ठेवायला कोनाडाही नाही. सगळ्यांचा कोनाडा म्हणजे ती पेटी, आणि पेटीची किल्ली तरुणपणापासून याच्याकडे होती. त्याला कुणी निवडून दिलं नव्हतं. सगळ्यांनी ती त्याच्याकडे दिली आणि ती तिथेच राहिली.

मंडळाचे अध्यक्ष म्हणून जे गृहस्थ आले ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "साहेब, आमचा त्याच्यावर आरोप नाय. पण पोरं ऐकत नायत. लोकांच्या वस्तू आहेत. चावी तेवढी मिळाली तर..."

मी लॉकअपपाशी जाऊन स्टोअरकीपरला सांगितलं. तोवर त्याने बडबड करून पहाऱ्यावरच्या शिपायाचं डोकं उठवलं होतं. ते ऐकल्यावर तो "चावी देवा त्यांका," एवढंच म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून बसला. चांदी कंपनीची होती, नोकरी गेली असती तर दुसरी मिळवता आली असती. पण त्या खोलीतल्या माणसांनी ही किल्ली काढून घेतली आणि परत दिली नाही, तर त्याला गावातही तोंड दाखवायला जागा राहणार नव्हती. हे मला त्याच्या पाठीकडे बघून कळलं, आणि माझा वैताग आणखी वाढला. कारण हा माणूस चोर नाही अशी माझी खात्री होत चालली होती आणि माझ्याकडे त्याच्या बाजूने लिहिण्यासारखी एक ओळही नव्हती.

कोर्टाने कोठडी दिली. मोठे साहेब रोज एकदा दारात डोकावत आणि म्हणत, "झाली कबुली?" मी रोज नाही म्हणे. कोठडीची मुदत संपत आली की दोषारोपपत्राची तयारी करायची, असा त्यांचा हुकूम होता. मी मुद्देमालातून ते कुलूप पुन्हा पुन्हा टेबलावर मागवत होतो. मुद्देमाल सांभाळणारा जमादार प्रत्येक वेळी सही घेई आणि कुरकुर करी की साहेबांनी कुलूप घरीच का नेऊ नये.

एका दुपारी मी स्टोअरकीपरला समोर बसवलं आणि म्हटलं, खंडेनवमीच्या दिवशी कारखान्यात पाय ठेवल्यापासून बाहेर पडेपर्यंत काय काय केलंस, सगळं सांग. ही माझी चूक, असं पहिल्या दहा मिनिटांत वाटलं. आपल्याकडे कारखान्यांत दसऱ्याच्या आदल्या दिवशी यंत्रांची पूजा होते, अर्धा दिवस काम बंद. त्या पूजेत नारळ कुणी फोडला, तो कसा वाकडा फुटला, पेढे कुणाला मिळाले नाहीत आणि त्यावरून कोण रुसलं, हे सगळं मला ऐकावं लागलं. हवालदार खिडकीबाहेर बघत होता. मी कुलूप हातात घेऊन उलटसुलट करत होतो, नुसता चाळा म्हणून.

"आधी सकाळी येऊन काय केलंस ते सांग. खोली उघडलीस, मग?"

"मग कुलूप कोयंड्याक लटकवलंय."

"उघडंच?"

"दिवसभर तसाच असता. चावी माझ्याकडे आसा ना, कुलूप कोण कशाक नेतलो?"

"बरं, पुढे."

"पुढे काय, झेंडू हाडलेलंय. तराजूक हळदकुंकू लावलंय, दाराक लावलंय, कोयंड्याक लावलंय, कुलपाक लावलंय, पाया पडलंय, मगे दुपारी..."

"थांब," मी म्हटलं. "कुलपाला लावलंस?"

"लावलंय म्हंजे? ह्या पितळेचा कुलूप म्हंजे माझी लक्ष्मी. पाची बोटां लावलंय."

माझ्या हातातल्या कुलपाकडे मी पाहिलं. पितळ लख्ख होतं. किल्लीच्या भोकात, कडीच्या खाचेत, कंपनीच्या नावाच्या अक्षरांत, कुठेही लाल कण नव्हता. पंचनाम्याच्या दिवशीही ते असंच होतं, ते मी स्वतः दारावरून काढून घेतलं होतं. पूजेनंतर दोन दिवसही झाले नव्हते.

"मग कुंकू पुसलंस कधी?"

माझं डोकं ठिकाणावर नाही अशा नजरेने त्याने माझ्याकडे पाहिलं. "पूजेचा कुंकू कोण पुसता, सायेब?"

"सुट्टीनंतर सकाळी उघडलंस तेव्हा कुलपावर कुंकू नव्हतं. तुझ्या लक्षात आलं नाही?"

"चावी लागली, कुलूप उघडला. आणि काय बघू?"

हवालदार खिडकीतून मागे वळला होता. मी पंचांना बोलावलं आणि जीप काढायला सांगितली.

कारखान्यात तराजूला कुंकू होतं. दाराच्या चौकटीला पाच बोटं होती. कोयंड्यालाही हळदकुंकू वाळून बसलं होतं, एक सुकलेलं झेंडूचं फूल बिजागरीत अडकलेलं होतं. पूजा झाली होती यात शंका नव्हती. मग फक्त कुलूपच कोरं कसं राहिलं? पूजा ज्या कुलपाची झाली ते कुलूप हे नव्हतं, म्हणून.

चांदीच्या खोलीसमोरच्या बोळात उभं राहून मी स्वतःशीच बडबडलो असेन, कारण पंच माझ्याकडे बघायला लागले. असली कुलपं लावायला किल्ली लागत नाही. कडी दाबली की लागतात. किल्ली लागते ती उघडायला. सकाळी कुलूप उघडून कोयंड्याला लटकवलं की दिवसभर ते तिथे उघडंच. तेवढ्यात कुणी ते काढून खिशात घातलं आणि अगदी तसंच दिसणारं स्वतःचं कुलूप तिथे लटकवलं, तर कुणाला कळणार? पूजेच्या वेळी स्टोअरकीपर त्या परक्या कुलपाला कुंकू लावतो, त्याच्या पाया पडतो, घरी जाताना ते दाबून लावतो. जमादार तीनदा ओढून पाहतो. कुलूप घट्ट असतंच. सगळे गेले की चोर स्वतःच्या किल्लीने स्वतःचं कुलूप उघडतो, रिळं घेतो आणि जाताना कंपनीचं कुलूप दाबून लावून टाकतो. सुट्टीनंतर स्टोअरकीपरची किल्ली त्यात छान फिरते. किल्ली त्याच्या कमरेला होतीच, कधी सुटली नव्हतीच. तो शब्दशः खरं बोलत होता.

मी मॅनेजरच्या केबिनमध्ये गेलो. "हे कुलूप घेताना अशी किती कुलपं घेतली होती?"

"दोन. एक स्पेअर म्हणून."

"दुसरं कुठे आहे?"

"मेंटेनन्सकडे असेल. का हो?"

"हे आधी का सांगितलं नाही?"

"तुम्ही विचारलंच नाही. तुम्ही किल्ल्या विचारल्यात."

एवढे दिवस आम्ही सगळे दुसरी किल्ली शोधत होतो. मी, मोठे साहेब, डायरेक्टर, जमादार, सगळे. दुसरं कुलूप कंपनीच्याच मालकीचं होतं, आणि त्याच्याबद्दल अवाक्षर काढावं असं कुणालाही वाटलं नव्हतं. आणि 'एकाची किल्ली दुसऱ्याला लागत नाही, मी स्वतः लावून पाहिलंय' असं मला पहिल्याच दिवशी चहा पाजत सांगितलं गेलं होतं. लावून पाहायला दोन कुलपं हातात असावी लागतात.

सुपरवायझरने उठून खुर्ची दिली. स्पेअर कुलूप मोडलं, भंगारात गेलं, असं तो शांतपणे म्हणाला. मी पंचांना दारात उभं केलं आणि त्याचं कपाट उघडायला लावलं. खालच्या खणात, वायरींच्या भेंडोळ्यामागे, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं ते निघालं. पाची बोटांचं कुंकू जसंच्या तसं होतं, कडीत झेंडूची पाकळी होती. स्टोअरकीपरची किल्ली त्यात फिरली नाही. सुपरवायझरच्या जुडग्यातली तिसरी किल्ली फिरली. तो हळूच खुर्चीवर बसला.

पुढची कबुली सोपी होती, पण ऐकताना माझं रक्त उकळत होतं. दसऱ्याच्या दिवशी कारखाना बंद असताना मेंटेनन्सचं काम चाले, त्यामुळे तो आत होता. फाटकावर झडती फक्त कामगारांची, इस्त्रीच्या शर्टाला सलाम. रिळं पार्ल्याला त्याच्या घरी होती. निनावी फोनही त्याचाच. मी विचारलं, "एवढं सगळं डोकं लावलंस, मग कुलूप पुसून का नाही ठेवलंस? खाडीत का नाही फेकलंस?"

तो खाली बघत म्हणाला, "पुन्हा उपयोग होईल असं वाटलं. आणि पूजा झालेलं होतं, साहेब. पूजेचं कुंकू आपल्या हाताने कसं पुसायचं?"

"मग त्याच दारातून चांदी काढताना हात दुसऱ्याचे होते का?"

 त्यावर मान वर करून त्याने जे सांगितलं ते मी आजवर विसरलेलो नाही. म्हणे, कुलूप उघडं लटकवणं धोक्याचं आहे हे त्याने वरिष्ठांना आधीच सांगितलं होतं. कुणी ऐकलं नाही. व्यवस्था कच्ची आहे हे त्याला दाखवून द्यायचं होतं.

"दाखवायला एक रीळ पुरलं असतं," मी म्हटलं. "टेबलावर नेऊन ठेवायचं होतंस. बाकीची पार्ल्याच्या घरात काय करतायत? आणि त्या म्हाताऱ्याच्या दुर्वा तुझ्या कुठे आड आल्या होत्या?"

तरी मी मॅनेजरला विचारलं की याने खरंच तसं सांगितलं होतं का. मॅनेजर छताकडे बघत म्हणाला, "हो, असं काहीतरी बोलला होता खरा, चहाच्या वेळी. आम्हाला वाटलं, गंमत करतोय."

मी बाहेर येऊन जीपच्या बॉनेटवर हात आपटला. हवालदार म्हणाला, "राहू द्या साहेब, सरकारी गाडी आहे."

ठाण्यात परत येऊन मी स्टोअरकीपरला काय घडलं ते समजावलं. तो आनंदाने उडी मारेल अशी माझी अपेक्षा होती. त्याने तीन वेळा तेच विचारलं, मग दोन्ही कुलपं हातात घेऊन पाहिली आणि त्याचा चेहरा पडला.

"म्हंजे मी परक्या कुलपाक हात जोडलंय?"

"अरे, तू सुटतोयस."

"ता खरा. पण लक्ष्मी म्हणून चोराच्या कुलपाक कुंकू लावलंय मी."

मोठ्या साहेबांनी कागद वाचले, 'हं' म्हणाले आणि सही केली. कोर्टात रिपोर्ट देऊन आम्ही त्याला मोकळं केलं. कंपनीने कामावर परत घेतलं. त्यानंतर काही दिवसांनी राहिलेल्या कागदांवर सह्या घ्यायला मी कारखान्यात गेलो, तेव्हा मॅनेजरने मला अभिमानाने चांदीच्या खोलीकडे नेलं. त्यांनी नवीन कुलूप आणलं होतं, आधीच्या दुप्पट मोठं. ते त्याच कोयंड्याला उघडंच लटकत होतं.  स्टोअरकीपरने मात्र माझ्या देखत पुढे होऊन ते काढलं आणि टेबलाच्या खणात टाकून खणाला कुलूप लावलं. "सायबांका कितीदा सांगलंय," तो पुटपुटला.

सुटला त्याच संध्याकाळी मी त्याच्याबरोबर मंडळाच्या खोलीवर गेलो होतो. कायद्याने माझं तिथे काही काम नव्हतं. पण त्याच्यावर काही बालंट उरलेलं नाही हे पोलिसाच्या तोंडून सांगितलं जावं, असं मला वाटलं. खोली भरलेली होती. मी सांगायचं ते सांगितलं. अध्यक्ष पुढे आले. त्यांच्या हातात पेटीची लहान किल्ली होती. ती त्यांनी दोन्ही हातांनी पुढे केली आणि म्हणाले, "घे बाबा. चुकला आमचा."

स्टोअरकीपरने हात पुढे केला नाही. खोलीत सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मला वाटलं, आता हा रुसणार, आणि इथे पुन्हा एक रामायण ऐकावं लागणार.

"इतके दिवस पेटी तुमच्याकडे होती," तो म्हणाला. "आधी कुलूप दाखवा. मगे चावी घेतंय."

कुणी हसलं नाही. दोघांनी पेटी ओढून मधे आणली. तो खाली बसला, कुलूप तळहातावर घेऊन नीट पाहिलं, मग अध्यक्षांच्या हातातून किल्ली घेतली, कुलूप उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. पुरचुंड्या त्याने तपासल्या नाहीत. त्याने किल्ली करदोट्याला बांधली तेव्हा अध्यक्ष दाराकडे तोंड करून उभे होते. मग कुणीतरी चहा टाकायला उठलं.

या प्रकरणाने मला जे शिकवलं ते मी पुढे नोकरीत वापरलं. चोरी झाली की आपण आधी तोच माणूस धरतो ज्याच्यावर सगळ्यांनी विश्वास टाकलेला असतो, कारण त्याचा पत्ता माहीत असतो आणि किल्ली त्याच्या कमरेला दिसते. किल्ली कुणाकडे होती हे आपण दहा वेळा विचारतो. कुलूप कुणाचं होतं हे विचारायचं कुणाच्या मनातही येत नाही. माणूस आत येताना त्याची ओळख पटवायला आपण फाटकावर शिपाई ठेवतो, पण दारानेही आपली ओळख पटवून द्यायला हवी, हे मला त्या कोऱ्या पितळेने शिकवलं. आणि धोका आहे असं कुणी चहाच्या वेळी सांगितलं तर ती गंमत समजू नये, मग सांगणारा कसाही असो.

निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी घराबाहेर पडताना मी कुलूप लावतो, किल्लीने उघडून बघतो आणि पुन्हा लावतो. बायको जिन्यात पिशवी घेऊन उभी राहते आणि वैतागते. मी तिला वैतागू देतो.